दुसरी चावी

दाभोळच्या जेटीवर पहाटेचे पावणेचार.
हौद्यात नव्वद क्रेट बांगडा,
वर बर्फ, बर्फावर ताडपत्री,
आणि डॅशबोर्डवर बोटाच्या नखाएवढी
एक लाल चावी लुकलुकते आहे.

मी फिरवतो. इंजिन घुर्र करतं, थांबतं.
पुन्हा फिरवतो.
लुकलुक. म्हणजे: तू कोण?

अगो, मी. हरेश्वर जाक्कर.
तुझ्या क्लचनं माझा डावा गुडघा खाल्ला,
कुंभार्ली घाटात तुझ्याखाली झोपून
तोंडावर ऑइल घेतलं मी,
आणि आज विचारतेस?

आमच्या शेठचा जुना टेम्पो
स्क्रूड्रायव्हरनं चालू व्हायचा.
कधी कधी शिवीनंसुद्धा.
तो चोरीला जावा म्हणून शेठनं नवस बोलायचा बाकी ठेवला होता.

बाबल्या तोडणकर लुंगीवरच आला,
टेस्टर कानामागे, बिडीच्या जागी.
म्हणाला, चावीच्या मुंडीत एक चिप असते, तांदळाएवढी.
लॉकभोवती तारेचं कडं.
कडं विचारतं, तांदूळ जबाब देतो.
तुझा तांदूळ मेलाय.
ही खाडीत पडली होती ना रे?

पडली होती. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी.
उन्हात वाळवून परत खिशात घातली.
इतके दिवस कशी बोलत होती कुणास ठाऊक.

दुसरी कुठाय?

मी खाडीकडे बघतो.
पलीकडे वेलदूरचे सात-आठ दिवे.
त्यातल्या एका दिव्याखाली, मुश्ताक पारकरच्या कपाटात,
दुसरी चावी.
गाडी त्याच्याकडून घेतली तेव्हा म्हणाला होता,
बारा हजार राहिलेत, ते दिलेस की ही ने.
मी म्हटलं शिमग्याला.
मग म्हटलं गणपतीला.
मग त्यानं विचारणं सोडलं,
आणि मी फेरीबोटीत त्याच्या बाजूला बसणं.

हौद्याच्या फटीतून पाण्याची धार लागली होती.
दोन मांजरं धारेखाली येऊन बसली,
लग्नाच्या पंगतीला बसावं तशी.
बर्फाला कुठला शिमगा आणि कुठले गणपती.

फोन लावला. तीन रिंगांत उचलला.
काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं, ते राहिलंच.
त्यानं एवढंच विचारलं,
घुर्र करून थांबते?
हो.
लाल दिवा?
हो.
येतो.

पहिल्या फेरीबोटीला अजून अडीच तास होते.
तो स्वतःची होडी घेऊन आला, काळोखातून फटफट करत.
तिला चावी नाही. दोरी ओढायची,
कुणीही ओढावी.

चढून सरळ माझ्या सीटवर बसला,
सीट दोन बोटं पुढे घेतली,
चावी फिरवली.
लाल दिवा गेला.
आणि गाडी अशी सुरू झाली
की मला तिचा राग आला,
खरंच सांगतो,
माझ्या हातात ती इतकी गोड कधी बोलली नव्हती.

मुश्ताक उतरला. इंजिन चालूच.
पैशाचं काही बोलला नाही.
चार बांगडे दे, पोरं उठतील आता, म्हणाला.
मी अख्खा क्रेट ओढला.
त्यानं चारच उचलले, पिशवीत टाकले,
पिशवी झटकून गाठ मारली.

बाबल्या म्हणाला, हिची चिप कापून
स्टिअरिंगखाली चिकटवून टाकतो, कायमची.
परत कधी विचारायची नाही तुला.
मी म्हटलं, आणि चोर?
बांगडा पुण्याला पोचवत असेल तर नेऊ दे की चोराला.

हसलो. पण म्हटलं, नको.
विचारू दे तिला रोज सकाळी.
निदान बारा हजार फिटेपर्यंत
कुणीतरी विचारायला हवं.

सीट दोन बोटं मागे घेतली.
दाभोळच्या चढावर दुसरा गिअर टाकला,
आरशात बघितलं तर
मांजरं अजून ओल्या जागेपाशीच,
आणि होडीचा दिवा अर्ध्या खाडीत.